भिंतीतली मत्स्यपेटी : स्टँडची उंची ठरवावी कशी?

घराच्या अंतर्गत सजावटीचे काम निघाले की दिवाणखाना आणि भोजनकक्ष यांच्यामधील आडभिंतीत मत्स्यपेटी बसवावी, असा विचार गोव्यातील अनेक घरांत होतो. ज्या प्रदेशात मासा प्रथम ताटात भेटतो, तेथे तो काचेआडही पाहावासा वाटावा हे तसे गमतीचेच. पेटी कोणत्या दिशेला असावी, तीत मासे किती आणि कोणत्या रंगाचे असावेत, याची चर्चा वास्तुशास्त्राच्या जाणकारापासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांशी होते. ती जमिनीपासून किती उंचीवर असावी हा प्रश्न मात्र बहुधा सुतारावर सोडला जातो. सुतार आपल्या सवयीने स्वयंपाकाच्या ओट्याची किंवा टीव्हीच्या कपाटाची उंची धरतो आणि मोकळा होतो.

सुट्या मत्स्यपेटीच्या बाबतीत ही चूक निभावून जाते. स्टँड बदलता येतो, पेटी दुसऱ्या खोलीत हलवता येते. भिंतीत बसवलेल्या पेटीला ती सोय नसते. पुढची चौकट, वरचे कपाट, विजेची जोडणी हे सर्व तिच्या मापाने झालेले असते. उंचीत चुकलेले पंधरा सेंटिमीटर मग पेटी असेपर्यंत घरात राहतात. पाहुण्यांना ते दिसत नाहीत. ज्याला दर आठवड्याला त्या पेटीत हात घालावा लागतो, त्याला ते जाणवतात. हात नीट पोहोचत नसेल तर सफाईचा दिवस पुढे ढकलला जातो, काचेवर शेवाळ धरते, वाळूत घाण साचते आणि काही महिन्यांत पेटीतील मासे एकेक करून कमी होऊ लागतात. तेव्हा दोष पाण्याला किंवा मासे विकणाऱ्याला दिला जातो.

नजरेचे माप

मत्स्यपेटी चित्राप्रमाणे नजरेसमोर असावी, हा सर्वसाधारण समज बरोबर आहे; पण नजर कोणाची आणि कोणत्या स्थितीतली, हे आधी ठरवावे लागते. मुंबईत मरीन ड्राइव्हवर 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासारख्या ठिकाणी लोक चालत येत, उभे राहून पाहत आणि पुढे जात. घरात तसे होत नाही. घरातील पेटीकडे पाहिले जाते ते बसल्या जागेवरून, संध्याकाळी, बराच वेळ. त्यामुळे उभ्या माणसाच्या नजरेला धरून केलेली पेटी बसणाऱ्याला फार उंच वाटते.

जमिनीपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर सोफ्यावर रेलून बसलेल्या माणसाचे साधारण 100 ते 110 सेंटिमीटर भरते. जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर ते 112 ते 120 पर्यंत जाते. भारतीय बैठकीवर मांडी घालून बसल्यास ते जेमतेम 70 ते 75 असते. उभ्या माणसाचे डोळे त्याच्या उंचीनुसार 140 ते 155 सेंटिमीटरवर असतात. हे आकडे ढोबळ आहेत. ज्या घरात पेटी बसायची, तेथील प्रत्यक्ष आसनावर बसून टेपने माप घेणे हाच खरा मार्ग, आणि त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

पेटीच्या उंचीचे तीन समान भाग कल्पिले, तर बसलेल्या माणसाची नजर वरच्या भागाच्या आरंभाशी किंवा त्याच्या किंचित वर यावी. अशा वेळी वाळू, झाडे, मध्यभागी फिरणारे मासे आणि पृष्ठभागाजवळ येणारे मासे हे सर्व मान न वळवता दिसते. नजर फारच खाली राहिली, तर दोन गोष्टी घडतात. पुढच्या चौकटीची खालची पट्टी वाळूचा भाग झाकून टाकते, आणि पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसू लागतो. पाण्यातून तिरकस वर जाणारा प्रकाश ठरावीक कोनापलीकडे हवेत बाहेर न पडता परावर्तित होतो. त्यामुळे खालून पाहणाऱ्याला वरच्या बाजूस माशांची उलटी प्रतिबिंबे दिसतात. काहींना तो देखावा आवडतोही. रोज पाहायला मात्र तो डोळ्यांना त्रासदायक ठरतो. उलट नजर फारच वर असेल, तर चौकटीची वरची पट्टी आड येते आणि माशांच्या पाठीच अधिक दिसतात.

हाताचे माप

नजरेचा विचार निदान काही जण करतात. हाताचा विचार फारसा कोणी करत नाही, आणि उंचीचा खरा निकाल लागतो तो येथेच.

पेटीचा वरचा काठ, ती साफ करणाऱ्या माणसाच्या खांद्यापेक्षा किमान 10 सेंटिमीटर खाली असावा. खांद्याची उंची साधारणपणे एकूण उंचीच्या 82 टक्क्यांच्या आसपास असते. 152 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे पाच फूट उंचीच्या व्यक्तीचा खांदा 125 सेंटिमीटरवर येतो; तिच्यासाठी पेटीचा काठ 115 सेंटिमीटरच्या वर जाता कामा नये. तिचा हात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सुमारे 67 सेंटिमीटर असतो. काठ 115 वर आणि पेटी 45 सेंटिमीटर उंच असेल, तर थोडे वाकून मागच्या कोपऱ्यातील वाळूपर्यंत बोटे पोहोचतात. तोच काठ 135 वर नेला की दंड काठावरून उचलून आत टाकावा लागतो, आत जातो तो कोपरापुढचा भाग, आणि तळ हाताला लागत नाही. फरक केवळ 20 सेंटिमीटरचा, पण एका स्थितीत पेटी साफ होते आणि दुसऱ्या स्थितीत होत नाही.

स्टूल घेऊन चढता येईल, हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर. ओली लादी, हातात पाण्याने भरलेली नळी आणि डोक्याजवळ दिव्याची वायर अशा स्थितीत स्टुलावर उभे राहणे धोक्याचे आहे, एवढे येथे पुरे. दुसरे असे की, घराच्या आराखड्यावर चर्चा करणारा माणूस आणि पेटी प्रत्यक्ष धुणारा माणूस हे पुष्कळदा वेगळे असतात. पावणेसहा फुटी गृहस्थाच्या खांद्याला धरून उंची ठरते आणि जाळी येते ती त्याच्या पत्नीच्या, आईच्या किंवा शाळकरी मुलाच्या हातात. माप घ्यायचे ते या हाताचे.

नजर आणि हात यांचे आकडे जुळले नाहीत, तर हाताचा आकडा मानावा. पाच-सहा सेंटिमीटर खाली असलेली स्वच्छ पेटी, नेमक्या नजरेवर असलेल्या गढूळ पेटीपेक्षा केव्हाही चांगली दिसते.

हाताच्या मापाचा आणखी एक भाग पेटीच्या वर असतो. भिंतीतील पेटीवर कपाट, लॉफ्ट किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत येते. काठ आणि वरची फळी यांत किमान 45 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. त्याहून कमी जागेत जाळी उभी धरता येत नाही, सायफनची नळी तिरकी होते, लाकडाचा ओंडका किंवा उंच झाड बाहेर काढता येत नाही. या मोकळ्या जागेसमोरचा पल्ला पेटीच्या पूर्ण लांबीचा आणि वर किंवा बाजूला उघडणारा असावा. मधोमध लहानशी खिडकी ठेवण्याची पद्धत दिसायला सुबक असते, परंतु पेटीचे दोन्ही कोपरे तिच्यामुळे कायमचे हाताबाहेर जातात. पेटीच्या मागे साठवणीची किंवा कपडे धुण्याची खोली असेल आणि सर्व काम तिकडून करता येणार असेल, तर पुढच्या बाजूने पेटी हवी तेवढी उंच नेता येते. मागे कायमची पक्की पायरी तेवढी बांधून घ्यावी.

एक उदाहरण

फोंडा किंवा म्हापसा येथील एखादी नेहमीची सदनिका घ्यावी. आडभिंतीच्या एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला जेवणाचे टेबल. पेटी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे सुमारे 120 × 45 × 45 सेंटिमीटर. सोफ्यावरील नजर 105 सेंटिमीटरवर आहे. पेटीच्या उंचीचे दोन तृतीयांश म्हणजे 30 सेंटिमीटर वजा केल्यास स्टँड 75 सेंटिमीटरचा हवा. पेटी साफ करणारी व्यक्ती 152 सेंटिमीटर उंच आहे. काठ 115 वर, त्यातून पेटीची 45 सेंटिमीटर उंची वजा केली की स्टँड 70 सेंटिमीटरचा येतो. येथे 70 हा आकडा घ्यावा. जेवणाच्या खुर्चीवरील नजर पेटीच्या काठाशी येते, म्हणजे तेथील माणूस किंचित खाली पाहतो, आणि जेवताना ते सोयीचेच असते. वरचे कपाट 160 सेंटिमीटरवर सुरू करता येते.

हाच हिशेब दोन फूट, म्हणजे 60 सेंटिमीटर उंचीच्या पेटीला लावला तर अडचण लगेच ध्यानात येते. काठ 115 वर ठेवायचा तर स्टँड 55 सेंटिमीटरचा होतो, आणि तरीही खांद्यापासून तळापर्यंतचे अंतर 70 सेंटिमीटर भरते. हात 67 सेंटिमीटरचाच आहे. अशी पेटी लांब चिमट्याशिवाय सांभाळता येत नाही. दुकानात उंच पेटी भव्य वाटते, पण घरातील माणसांनीच सांभाळायची असेल तर तिची उंची 45 ते 50 सेंटिमीटरपुरती ठेवून लांबी वाढवावी. माशांनाही पोहायला लांबीच लागते.

स्टँडच्या पोटात

पेटीखालच्या कपाटात फिल्टर, नळ्या, खाद्य आणि विजेची बोर्डे येतात. बाहेरून 70 सेंटिमीटर असलेल्या स्टँडमधून खालची पट्टी आणि वरच्या फळ्या वजा जाता आत साधारण 58 ते 60 सेंटिमीटर उरतात. कॅनिस्टर फिल्टर तेवढ्यात बसतो. फक्त त्याचे झाकण वर उचलायला आणि आतील जाळ्या बाहेर काढायला पुरेशी जागा राहते का, हे फिल्टर प्रत्यक्ष ठेवून पाहावे. खाली संप, म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी ठेवायची असेल, तर तिची उंची 35 ते 40 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. वर हात घालायला किमान वीस सेंटिमीटर मोकळे हवेत.

संप असलेल्या पेटीत स्टँड जितका उंच, तितके पाणी पंपाला अधिक वर चढवावे लागते. पंपाच्या खोक्यावर छापलेला ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो, आणि उंची वाढेल तसा प्रवाह घटत जातो. सव्वा मीटर चढाला तो निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. पंप निवडताना खोक्यावरील प्रवाह आणि उंची यांचा तक्ता पाहावा.

पावसाळ्यात वीज जाणे गोव्यात नवे नाही. पंप थांबला की वरच्या पेटीतील पाणी परतीच्या नळीतून सायफनने खाली उतरू लागते, आणि नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत ते उतरत राहते. वरील मापाच्या पेटीत हे तोंड पाण्याखाली 5 सेंटिमीटर असेल, तर 27 लिटर पाणी खाली येते. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते पाणी कपाटात आणि तेथून दिवाणखान्यात जाते. हवेचा पंप कपाटात ठेवल्यास त्याच्या नळीत उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवणे याच कारणाने आवश्यक आहे. वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोळाशी टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही.

पाणी बदलण्याचाही उंचीशी संबंध आहे. सायफनने पाणी काढताना पेटीचा तळ बादलीच्या काठापेक्षा वर असावा लागतो. 30 सेंटिमीटरच्या ठेंगण्या स्टँडवर पेटी असेल, तर शेवटचे पाणी बादलीत उतरतच नाही. ते मगाने किंवा पंपाने काढावे लागते.

ठेंगणा स्टँड केव्हा?

भारतीय बैठक असलेल्या खोलीत 40 ते 45 सेंटिमीटरचा स्टँड शोभून दिसतो. नजरेच्या हिशेबानेही तो बरोबर येतो. पण पेटीखाली फिल्टरला जागा उरत नाही, तो बाजूच्या कपाटात न्यावा लागतो. शिवाय माशांचे स्वाभाविक शत्रू, मुख्यतः पक्षी, वरून येतात. डोक्यावरून सरकणारी सावली म्हणजे धोका, ही जाण माशाच्या अंगी उपजत असते. माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेंगणी पेटी ठेवली तर टेट्रा, बार्ब यांसारखे लहान मासे सतत बिचकून झाडांत दडतात. ठेंगणी पेटी खोलीच्या शांत कोपऱ्यात, पाठीमागे आणि दोन्ही बाजूंनी बंद असावी. रांगती मुले घरात असतील तर तिचा विचार काही वर्षे पुढे ढकलणे शहाणपणाचे.

गोल्डफिश मात्र या नियमाला अपवाद म्हणता येईल. चीन आणि जपानमध्ये हे मासे शतकानुशतके तळ्यांत आणि मातीच्या पसरट भांड्यांत वाढवले गेले आणि त्यांची निवडही वरून पाहूनच होत गेली. रांचू जातीच्या गोल्डफिशची रुंद पाठ आणि शेपटीचा पसारा वरूनच खुलतो. असे मासे पाळायचे असतील तर काचेच्या उंच पेटीपेक्षा गुडघाभर उंचीवरील उथळ, वरून उघडे कुंड अधिक योग्य, आणि मग भिंतीत काही बसवण्याचे कारणच उरत नाही.

वजन आणि भिंत

स्टँड उंच केला की जमिनीवरील भार वाढतो, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. भार पाण्याचा असतो आणि तो स्टँडच्या उंचीने बदलत नाही, स्टँडचे स्वतःचे वजन काय थोडे वाढेल तेवढेच. काचेवरील दाबही पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतो, जमिनीपासूनच्या उंचीवर नाही. उंचीने वाढतो तो कलंडण्याचा धोका. पुढून मागे दीड फूट रुंदीच्या स्टँडची उंची तीन फुटांच्या जवळ गेली, तर तो भिंतीला पक्का बांधून घ्यावा. भिंतीतील पेटीत हे सहज साधते.

वजन मात्र कमी लेखू नये. वरील उदाहरणातील पेटीत काठोकाठ 243 लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. दहा मिलिमीटर जाडीची काच सुमारे 50 किलो, वाळू आणि दगड आणखी तितकेच. पाणी काठाखाली ठेवले आणि वाळूने व्यापलेली जागा वगळली, तरी स्टँडसह एकूण भार साडेतीनशे किलोच्या घरात जातो, आणि तो अर्ध्या चौरस मीटरवर पडतो. निवासी खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानक 875 च्या दुसऱ्या भागात धरलेला भार प्रति चौरस मीटर 2 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 200 किलो आहे. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा असल्याने बीमवर किंवा भिंतीलगत ठेवलेली चार फुटी पेटी काँक्रीटच्या स्लॅबला सामान्यतः जड जात नाही. त्याहून मोठी पेटी, स्लॅबच्या मधोमधची जागा किंवा जुन्या घरातील माडीची लाकडी जमीन असेल तर अभियंत्याचा सल्ला घेतल्याविना पुढे जाऊ नये.

जुन्या चिरेबंदी घरांत आणखी एक काळजी. तेथील जाड भिंती छपराचा भार वाहतात. पेटीसाठी चार फुटांचे भोक पाडताना वर लिंटेल घालणे अनिवार्य आहे, आणि हे काम सुताराचे नव्हे, गवंड्याचे. अशा घरांत भिंतीतील जुन्या कोनाड्याची किंवा बंद केलेल्या खिडकीची जागा मिळाली तर तोडफोड टळते, मात्र तिची उंची हाताच्या मापात बसते का हे पाहावे लागते.

स्टँडच्या साहित्याबद्दल थोडक्यात. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत रंग न दिलेला लोखंडी अँगल लवकर गंजतो. पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ ओल धरून फुगतो, आणि पेटी एका बाजूला कलते. मरीन प्लाय किंवा विटांच्या खांबांवर टाकलेला कडप्पा ही दोन साधने येथील हवामानात टिकतात. कडप्पा घेतल्यास मात्र उंची नंतर तसूभरही बदलत नाही, म्हणून ती आधीच नक्की असावी.

सुताराला आकडा देण्यापूर्वी

मत्स्यपेटीची जागा पुष्कळदा लादी बसण्यापूर्वी आखली जाते. मालाचा थर आणि लादी मिळून जमीन पाच ते सात सेंटिमीटरने वर येते, आणि कच्च्या जमिनीपासून घेतलेले माप तेवढ्याने चुकते. उंची नेहमी तयार लादीपासून सांगावी, आणि त्या आकड्यात खालची पट्टी, वरची फळी आणि पेटीखाली घालायचा फोमचा पातळ थर हे सर्व धरले आहे, हे स्पष्ट करून घ्यावे. वरचा पृष्ठभाग गवंड्याच्या पाण्याच्या नळीने किंवा लेव्हलने तपासावा. चार फुटांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असेल तर भरल्यावर पाण्याची रेषाच तो दाखवून देते.

पुढच्या चौकटीचे मापही पेटीच्या मापाशी जसेच्या तसे जुळवू नये. वरची पट्टी पाण्याच्या रेषेखाली दोन-तीन सेंटिमीटर उतरलेली आणि खालची पट्टी वाळूच्या थराएवढी चढलेली असावी, म्हणजे पाणी थोडे आटले तरी रेषा दिसत नाही. ही चौकट स्क्रूंनी बसवलेली, काढता येणारी हवी. सिलिकॉनचे सांधे कधीतरी गळू लागतात, आणि त्या दिवशी भिंत न फोडता पेटी बाहेर यावी लागते.

सर्वांत सोपी चाचणी वर्तमानपत्राच्या कागदाची. पेटीच्या आकाराचा कागद ठरवलेल्या उंचीवर भिंतीला चिकटवावा, आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा. सोफ्यावरून, जेवणाच्या खुर्चीवरून, स्वयंपाकघराच्या दारातून तो कसा दिसतो हे पाहावे. मग पेटी साफ करणाऱ्या व्यक्तीने कागदासमोर उभे राहून, त्याचा वरचा काठ आपल्या खांद्याच्या किती खाली येतो ते टेपने मोजावे, आणि तो आकडा सुताराच्या वहीत पेन्सिलीने नव्हे, पेनाने लिहून द्यावा.